माटवातली नाट्यशाळा

कोरेज्माचे दिवस होते, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या एका गावी संध्याकाळच्या वेळी चर्चच्या आवारात माणसं दाटीनं उभी होती. खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची मूर्ती मिरवणुकीनं आली आणि थांबली. काळा पोशाख घातलेली, डोक्यावरून काळं वस्त्र घेतलेली पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी लाकडी स्टुलावर चढली. तिच्या हातात गुंडाळलेलं कापड होतं. ती लॅटिनमध्ये गाऊ लागली. साथीला एकही वाद्य नव्हतं. गाता गाता तिनं ते कापड वरून खाली उलगडत आणलं आणि त्यावर येशूचा चेहरा दिसू लागला, आधी कपाळ, मग डोळे, मग दाढी. क्रूस वाहणाऱ्या येशूचा घामानं-रक्तानं माखलेला चेहरा पुसणारी व्हेरोनिका ती. वाटेनं जाणाऱ्यांनो, थांबा आणि बघा, माझ्या दुःखासारखं दुःख आणखी कुठं आहे का, असा त्या ओळींचा अर्थ. जमलेल्यांपैकी बहुतेकांना लॅटिन येत नव्हतं. पण आवारात कुणी हललं नाही.

माझ्या शेजारी साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांना मी आन्टी म्हणते. तीसेक वर्षं त्यांनी तियात्रांत, म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती समाजातल्या गाण्यांच्या कोकणी नाटकांत, कामं केली, पुढं दोन-तीन कोकणी चित्रपटांत आईची, शेजारणीची कामं केली. त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "घाई केली तिनं. डोळे दिसले की थांबायचं. लोकांना श्वास घेऊ द्यायचा. मग खाली." चौदाव्या वर्षी त्या स्वतः अशाच एका स्टुलावर उभ्या राहिल्या होत्या. हात थरथरत होते, त्यामुळे कापडही थरथरलं, आणि पुढच्या रांगेतल्या बायका रडायला लागल्या. "त्या दिवशी मला कळलं," त्या म्हणाल्या, "की थरथरणंसुद्धा वापरता येतं."

अभिनयाच्या कुठल्याही शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच. मुंबई-दिल्लीच्या नाट्यशाळेत कुणी हे शिकलं तर आपण त्याला प्रशिक्षण म्हणतो. चर्चच्या आवारात शिकलं तर त्याची नोंदच होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्याच्या गावोगावचं चर्च, चॅपेल, वाडीवस्तीवरचा क्रूस आणि फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, उभा राहणारा माटव, म्हणजे मांडव, ही या भूमीतली फार जुनी आणि आजही चालू असलेली नाट्यशाळा आहे. तिथून निघून तियात्राच्या आणि पुढं चित्रपटाच्या पडद्यापर्यंत गेलेल्या बायकांना शिकलेल्या कलावंत म्हणून मान मिळायला हवा. तो आपण देत नाही. सरकार देत नाही, चर्च पुरेसा देत नाही, आणि आम्ही मराठी वाचणारे-लिहिणारे लोक तर तिकडं बघतही नाही.

मराठी माणसानं तिकडं बघण्याचं एक कारण फार जुनं आहे. याच सासष्टीत, रायतूरला, 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. जन्मानं इंग्रज असलेल्या या जेझुइट पाद्र्यानं जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या. त्या मनातल्या मनात वाचण्यासाठी नव्हत्या. चर्चमध्ये जमलेल्या माणसांपुढे, देवळातल्या पुराणिकाच्या ढंगात, त्या मोठ्यानं म्हटल्या जात. पुराण सोडून आलेल्या माणसांना पुराण ऐकण्याची सवय होती, ती सवय स्टीफन्सनं ओळखली. म्हणजे गोव्याच्या चर्चमध्ये लोकांसमोर उभं राहून कथा सांगण्याची जी परंपरा आहे, तिच्या पायाला मराठी ओवी आहे. तियात्र म्हणजे आपलं काही नव्हे, असं एखादा मराठी रसिक सहज म्हणून जातो तेव्हा मला या ओव्या आठवतात.

आता बायकांचं. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मेस्त्र, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, शिकवी, व्हायोलिन शिकवी, चार आवाजांत गायला लावी. त्या शाळांनी पुढं मुंबईच्या सिनेमाला वादक पुरवले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते प्रामुख्यानं मुलगे होते. मुलींचं शिक्षण घरात चाललं. संध्याकाळी घरच्या आल्तारासमोर, म्हणजे वेदीसमोर, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची, वाड्यावरच्या क्रूसाच्या लादाइनीला, म्हणजे गाऊन म्हणायच्या सामूहिक प्रार्थनेला, उभं राहायचं, एकीनं वरचा सूर धरला तर दुसरीनं आपसूक खालचा धरायचा. ही दुसरा सूर धरण्याची खोड गोव्याच्या ख्रिस्ती घरांत इतकी मुरलेली आहे की स्वयंपाकघरात दोघी जणी मांडो हे कोकणी गीत गुणगुणत असल्या तरी त्या दोन आवाजांत गातात. या मुलींना स्वरलिपी येत नव्हती, तरी कान पक्के झाले होते.

आणि याच काळात चर्चनं त्यांच्यासाठी दार बंद केलं. 22 नोव्हेंबर 1903 रोजी पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताबद्दल एक आदेश काढला. चर्चमध्ये गाणं हे उपासनेतलं पद आहे आणि स्त्रियांना ते पद घेता येत नाही, म्हणून त्यांना गायकवृंदात घेऊ नये, उंच सूर हवे असतील तर मुलगे घ्यावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सगळ्या कॅथलिक जगासाठी तो नियम होता.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1904 मध्ये, मुंबईत रेजिना फर्नांडिस तियात्राच्या रंगमंचावर उभी राहिली. 'भाटकार' या तियात्रात. तियात्रात स्त्रीची भूमिका करणारी ती पहिली स्त्री. भाटकार म्हणजे जमीनदार, आणि त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांचा छळ हा त्या तियात्राचा विषय. लिहिणारे होते तिचे पती जुआंव आगोस्तीन फर्नांडिस, ज्यांना कोकणी समाज आजही पाय तियात्रिस्त, तियात्राचे जनक, म्हणतो.

तियात्र तेव्हा अवघं बारा वर्षांचं होतं. 17 एप्रिल 1892, ईस्टरचा रविवार. त्या दिवशी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात 'इटालियन भुरगो' हा पहिला तियात्र झाला. आसगावचे लुकाझिन रिबेरो हे त्यामागचे मुख्य गृहस्थ, आणि जुआंव आगोस्तीन त्यात नट म्हणून होते. लुकाझिन म्हणजे मुंबईत येऊन इटालियन ऑपेरा कंपनीचं काम जवळून पाहिलेला माणूस, आणि धोबीतलावच्या कुडांमध्ये राहणारे गोव्याचे खलाशी, स्वयंपाकी, वादक हे त्याचे प्रेक्षक. कूड म्हणजे गावच्या माणसांची मुंबईतली खोली. प्रत्येक कुडीत आल्तार असे आणि रोज संध्याकाळी तेर्स होई. मुंबईतला तियात्रही अशा रीतीनं आल्ताराच्या सावलीतच वाढला. ईस्टरला पहिला प्रयोग झाला हाही योगायोग म्हणता येणार नाही. कोरेज्माचे चाळीस दिवस गाणं-बजावणं, खेळ-तमाशा बंद असायचा आणि ईस्टरला पडदा उघडायचा. तियात्राचं वर्ष आजही चर्चच्या पंचांगाला धरून चालतं.

आता मराठी रंगभूमीकडं वळून बघा. 1905 मध्ये नारायण राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतला म्हणून प्रेक्षकांसमोर आले. बालगंधर्वांच्या शालीनतेवर, त्यांच्या शालूवर, त्यांच्या गळ्यावर महाराष्ट्रानं जीव ओवाळला आणि ते योग्यच केलं. पण त्याच सुमाराला मुंबईत एका गोवेकर बाईनं स्त्रीची भूमिका स्वतः केली होती, तीही नवऱ्याच्या बरोबरीनं, लोकलाज सांभाळणाऱ्या समाजासमोर, ही गोष्ट मराठी नाट्यइतिहासाच्या किती पुस्तकांत येते? बायकांच्याच अशा नाटक मंडळ्या मराठीत आधीही होत्या, 1913 मध्ये फाळक्यांच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या, हे सगळं खरंच. पण घरंदाज म्हणवणाऱ्या समाजातल्या स्त्रिया पुरुषांसोबत मराठी रंगमंचावर आल्या याची खूण म्हणून आपण 1933 च्या नाट्यमन्वंतर या संस्थेकडं आणि तिच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाकडं बोट दाखवतो. रेजिना त्याच्या एकोणतीस वर्षं आधीची. वर्षांची शर्यत लावायला मी हे सांगत नाही. कोणाची वाट आपण इतिहासात नोंदवली आणि कोणाची नाही, ते दिसावं म्हणून सांगते.

कारण 'आंधळ्यांची शाळा'तल्या ज्योत्स्ना भोळे याही गोव्याच्याच. 1914 साली बांदिवड्याला जन्मलेल्या. देवळाच्या आवारात गाणं जिथं पिढ्यान् पिढ्या चाललं त्या अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंड्याच्या परिसरातलं, बांदिवडं. देवळाच्या मंडपातून संगीत मैफलीत, तिथून मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटात, ही वाट आपल्याला पाठ आहे. त्या वाटेवरच्या बायकांना आयुष्यभर काय सोसावं लागलं हेही आपण उशिरा का होईना लिहायला लागलो. पण याच गोव्यातून दुसरीही एक वाट निघत होती, चर्चच्या आवारातून. दोन्ही वाटांची पहिली पायरी सारखीच. देवासमोर गायचं, लोकांसमोर उभं राहायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुढं तिकीट लावून गायला लागलं की त्याच लोकांच्या भुवया उंचावतात. एका वाटेचं आपण कौतुक केलं. दुसरीची भाषा, कोकणी, रोमी म्हणजे रोमन लिपीत लिहिली जाते म्हणून ती आपल्या वाचनात आलीच नाही.

गायकवृंदाचं दार पुढं उघडलं. 1955 च्या अखेरीस पोप बारावे पायस यांनी वेदीच्या जागेबाहेर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या गायकवृंदाला मुभा दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि त्यानंतर गोव्यात मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कोकणीत होऊ लागला. याचा परिणाम लोक समजतात त्याहून खूप मोठा झाला असं मला वाटतं. आतापर्यंत न कळणारं लॅटिन गाणारी मुलगी आता आपल्या घरच्या भाषेत, अर्थ कळून, माइकसमोर, शेकडो माणसांना ऐकू जाईल असं वाचू आणि गाऊ लागली. शब्दाचा अर्थ कळला की आवाजात भाव येतो. गिटार घेतलेली पोरं, त्यांच्या पुढं उभ्या मुली, रविवारचा मीस आणि वर्षाचं फेस्त. आज तियात्रात दिसणाऱ्या कितीतरी बायकांची सुरुवात तिथं झाली आहे. चॅपेलच्या फेस्ताला माटव घालायचा, वाड्यातल्या पोरांनी एखादा छोटा तियात्र बसवायचा, पाद्रीनं संहितेवर नजर टाकायची, आणि येणाऱ्या पैशातून छप्पर शाकारायचं. आन्टींनी पहिला संवाद असा म्हटला होता. छपराचे पैसे जमले. दुसऱ्या वर्षी त्यांना मडगावच्या एका तियात्रिस्तानं बोलावलं.

आता या शाळेत नेमकं काय शिकायला मिळतं, ते सांगते, कारण नाट्यशाळा म्हटल्यावर तेवढं तरी सांगायला हवं.

पहिला आवाज. चर्चची वास्तू उंच, जाड भिंतींची, तिथं आवाज घुमतो. शब्द भरभर फेकले तर एकात एक मिसळून जातात. म्हणून मुलगी शब्द सुटा करायला, ओळीच्या शेवटी थांबायला आपोआप शिकते. तियात्रात हे कामाला येतं. तियात्राच्या रंगमंचावर माइक पुढं उभे असतात किंवा वरून टांगलेले असतात, समोर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम वाजवणारे बसतात, आणि मागच्या रांगेतला माणूस तिकिटाचे पैसे मोजून आलेला असतो. दुसरं अंगातलं घड्याळ. तियात्र सहा-सात पडद्यांचा, म्हणजे प्रवेशांचा. दर दोन पडद्यांमध्ये कांतारं, म्हणजे गाणी, होतात, एकट्याचं, दोघांचं, तिघांचं. आत पडद्यामागं त्या गाण्याच्या वेळात नटीला साडीतून झग्यात यायचं असतं. आन्टी सांगायच्या, "दुसरं कडवं संपेपर्यंत केस. तिसऱ्याला चप्पल." आणि कित्येकदा ते कांतारही तिलाच गायचं असायचं, म्हणजे पडद्यासमोर गाऊन आत जायचं आणि लगेच दुसरीच बाई होऊन बाहेर यायचं. नाटक, गाणं, विनोद, थेट राजकीय टीका, सगळं एका संध्याकाळी, एकाच अंगानं. एवढी तयारी असलेली नटी मराठी रंगभूमीवर आज किती जणी आहेत हे शोधून बघावं.

तिसरी गोष्ट चर्चमध्ये शिकता येत नाही, ती तियात्रच शिकवतो. आन्टींचं वाक्य कोकणीतच देते: "बाय, मिसाक आयिल्लो लोक उठून वचना. तियात्राक आयिल्लो लोक उठून वता." मिसाला आलेली माणसं कंटाळली तरी बसून राहतात. तियात्राचा प्रेक्षक आवडलं नाही तर उठतो, आवडलं तर कांतार पुन्हा म्हणायला लावतो. श्रद्धेनं बसलेला माणूस आणि पैसे देऊन बसलेला माणूस, या दोघांसमोर उभं राहण्यातला फरक त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितला की त्यावर मी काही जोडू शकत नाही.

आणि मग चित्रपट. इथं सगळं उलटं होतं. चर्चनं आणि तियात्रानं मिळून जे दिलं ते कॅमेऱ्यासमोर जास्तीचं ठरतं. तियात्रात चेहरा प्रेक्षकांकडं, संवाद माइककडं. चित्रपटात समोरच्या नटाच्या डोळ्यांत बघायचं असतं आणि आवाज शेजारच्या खाटेवरल्या माणसाला ऐकू जाईल एवढाच काढायचा असतो. आन्टींच्या पहिल्या चित्रीकरणाला दिग्दर्शक सारखा "हळू, आन्टी, हळू" म्हणत होता. शेवटी त्यांना घरच्या आल्तारासमोरचा तेर्स आठवला. तिथं त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, ओठ जेमतेम हलायचे. तो आवाज त्यांनी वापरला आणि ते दृश्य एका खेपेत झालं. म्हणजे चर्चच्या आवारातल्या मोठ्या आवाजानं त्यांना तियात्र दिला आणि घरातल्या आल्तारासमोरच्या छोट्या आवाजानं चित्रपट. शाळा एकच होती, वर्ग दोन.

कोकणी चित्रपटाचा इतिहास लहान आहे, पण तियात्राच्या माणसांशिवाय तो सांगताच येत नाही. 1950 मध्ये 'मोगाचो आंवडो' आला, 1963 मध्ये 'आमचें नशीब', 1966 मध्ये 'निर्मोण'. यांत सी. आल्वारीस यांच्यासारखे तियात्राचे नट मुख्य भूमिकांत होते. 'निर्मोण'ची नायिका शालिनी मार्डोळकर. आडनावातच मार्डोळ, म्हाळसादेवीच्या देवळाचं गाव. तियात्राची मंडळी आणि ही नायिका एकाच पडद्यावर दिसतात तेव्हा मला त्या दोन वाटा, देवळाची आणि चर्चची, एका चौकात आल्यासारख्या वाटतात. गोव्यात हे एवढं सहज घडलेलं आहे.

पुढं हे का वाढलं नाही? बाजार लहान, पैसा कमी, ही कारणं आहेतच. पण अलीकडच्या काळात सर्वांत गाजलेल्या कोकणी चित्रपटाची, 'नाचुंया कुंपासार'ची, नायिका पालोमी घोष होती, बंगाली घरातली. तिनं कोकणी शिकून घेतली, जीव ओतून काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, आणि तो तिनं कमावलेला होता. त्या चित्रपटात तियात्राची माणसंही होती. माझा प्रश्न तिच्याबद्दल नाही. प्रश्न असा आहे की गावोगावच्या माटवांतून दर वर्षी गाणाऱ्या, बोलणाऱ्या, प्रेक्षकांना धरून ठेवणाऱ्या मुली तयार होत असताना त्यांतल्या एकीला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला शिकवील अशी पायरी मध्ये का नाही? 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. जगभरचे दिग्दर्शक नोव्हेंबरात पणजीला येतात. तियात्रातल्या बायकांसाठी कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाची एखादी आठवड्याची कार्यशाळा त्याच दिवसांत घेणं अवघड नाही. इच्छा हवी.

आता आक्षेपांकडं येते. पुरोगामी मित्र म्हणतात, धर्माच्या आवारातून कला जितकी बाहेर पडेल तितकं बरं, तू तिला पुन्हा आत का ढकलतेस? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. पाद्रीच्या नजरेखालून संहिता जाते तेव्हा काही गोष्टी लिहिल्याच जात नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तियात्रातली बाई. सोसणारी आई, भांडकुदळ सून, नवरा आखातात असताना वाट चुकलेली बायको, शेवटच्या पडद्यात रडत माफी मागणारी मुलगी. वर्षानुवर्षं याच चार-पाच बायका. भाटकारावर, मंत्र्यावर, कधी पाद्रीवरसुद्धा आसूड ओढणारा तियात्र घरातल्या बाईची पाळी आली की प्रवचन करायला लागतो. बहुतेक तियात्र पुरुष लिहितात आणि बसवतात, हे त्याचं एक कारण. व्हेरोनिका आणि दुःखी माता या दोनच आदर्शांवर पोसलेली नजर हे दुसरं, आणि ते चर्चकडून आलं हे मला मान्य आहे.

पण म्हणून ती शाळा बंद व्हावी असं मी म्हणणार नाही, कारण तिच्याऐवजी दुसरी शाळा कुणी उघडलेली नाही. गावातल्या कष्टकरी घरातल्या मुलीला, शुल्क न भरता, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आईबापांचा विरोध न ओढवता शेकडो माणसांसमोर उभं राहायला शिकवणारी दुसरी कोणती जागा आहे? राजधानीतल्या भव्य सभागृहानं हे काम होत नाही. आणि हेही खरं की मुली तिथं जे शिकतात ते शिकवणाऱ्याच्या हेतूपेक्षा जास्त असतं. रेजिना घरच्या आल्तारासमोर जे शिकली असेल ते तिला भाटकाराच्या विरोधात उभं राहायला उपयोगी पडलं. सूर एकदा गळ्यात बसला की तो कुणासाठी लावायचा हे गाणारी ठरवते.

म्हणून चर्चकडं माझी विनंती वेगळी आहे. लग्न झालं की आवारातला रंगमंच मुलीसाठी संपतो, हा न लिहिलेला नियम मोडा. आन्टींनी लग्नानंतर सहा वर्षं काम सोडलं होतं. घरातून विरोध नव्हता. त्यांच्याच गावच्या एका समितीनं फेस्ताच्या तियात्रात विवाहित बाई बरी दिसत नाही म्हणून त्यांचं नाव काढलं. हीच बाई त्याच चर्चमध्ये दर रविवारी गात होती. त्या सहा वर्षांबद्दल त्या आजही फार बोलत नाहीत. फेस्ताच्या तियात्राची संहिता एका वर्षी तरी गावातल्या एखाद्या बाईनं लिहावी, असंही मला वाटतं. माटव तोच, प्रेक्षक तेच, फक्त बाई काय म्हणते ते बाई लिहील.

सरकारकडं मागणं सोपं आहे. तियात्र अकादमी 2009 पासून आहे, मडगावच्या रवींद्र भवनातल्या सभागृहाला पाय तियात्रिस्तांचं नाव आहे, वृद्ध कलाकारांसाठी कला सन्मान योजना आहे. हे चांगलंच आहे. पण आज सत्तर-ऐंशी वर्षांच्या असलेल्या तियात्र नटींचं बोलणं आज ध्वनिमुद्रित करून ठेवलं नाही तर दहा वर्षांनी करायला कुणी उरणार नाही. त्यांनी कुठं गायला सुरुवात केली, कोणत्या मेस्त्राकडं, कोणतं कांतार कोणत्या चालीवर, पडद्यामागं साडी कशी बदलायची, सगळं. या बायकांचं मानधन प्रयोगागणिक मिळालं, प्रयोग थांबला की संपलं, आणि त्यांच्या कामाचा पुरावा म्हणजे घरात जपलेली चार जाहिरातपत्रकं. संहिता रोमीत हातानं लिहिलेल्या. 1987 च्या राजभाषा कायद्यानं कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असं ठरवलं, तेव्हापासून रोमीत लिहिणाऱ्यांना वाटणारी परकेपणाची भावना मी जवळून पाहिली आहे. लिपीच्या वादात कोण बरोबर यावर माझं मत काहीही असो, त्यापायी या वह्या वाळवीच्या तोंडी जाऊ नयेत.

गोव्याची कला अकादमी मराठी नाटकाची, कोकणी नाटकाची आणि तियात्राची स्पर्धा वेगवेगळी घेते. प्रत्येकाला हक्काची जागा मिळते, म्हणून ते ठीक आहे. पण मराठी स्पर्धेचा प्रेक्षक तियात्राच्या स्पर्धेला जात नाही, आणि तिकडचा इकडं येत नाही. एकाच इमारतीत, एकाच वर्षी, दोन उत्तम अभिनेत्री पुरस्कार घेतात आणि एकमेकींचं काम कधी पाहत नाहीत. पुरस्कार मिळालेल्या प्रयोगांचा एक सामाईक महोत्सव, एकापाठोपाठ एक, एवढं तरी करावं.

वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातही नाताळला आणि पवित्र आठवड्यात मुली चर्चमध्ये उभ्या राहून मराठीत गातात, वाचतात. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी साहित्यानं चर्चच्या आवारातला एक लेखक आपला मानला. मराठी रंगभूमीनं तिथली एखादी मुलगी आपली मानायला काय हरकत आहे? आपल्या व्यावसायिक नाटकांना गाणाऱ्या नटी मिळत नाहीत अशी तक्रार निर्माते करतात. त्यांनी एका ईस्टरला वसईला जावं, एका फेस्ताला सासष्टीत यावं.

त्या संध्याकाळी मिरवणूक पुढं गेली, आवार रिकामं झालं. व्हेरोनिका झालेली मुलगी स्टूल उचलून आत ठेवत होती. आन्टी तिच्याकडं गेल्या. त्यांनी तिच्या हातातलं कापड घेतलं, वरची काठी दोन्ही हातांनी कशी धरायची ते दाखवलं, कोपर अंगाशी, बोटं सैल. मग कापड गुंडाळून पुन्हा तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "सोड बघू." मुलगी आमच्या दोघींसमोर, कुणी प्रेक्षक नसताना, पुन्हा गाऊ लागली. कापड उलगडत आलं. डोळे दिसले तशी ती थांबली. आन्टींनी हात किंचित वर केला आणि ओठांतल्या ओठांत तीन मोजले, एक, दोन, तीन, आणि मग हात खाली आणला.